खिडकीखालचं पाणी, बोटीखालचं पाणी

घर बदलून पाण्याकाठी राहायला जायचं, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत होऊन बराच काळ लोटला. अडलंय ते कोणत्या पाण्याकाठी, यावर. त्याला पाणी दिसायला हवं आणि मला पाण्यावर जाता यायला हवं. ऐकणाऱ्याला ही एकच इच्छा वाटते. घरं दाखवणारे दलालही तसंच धरून चालतात: मोठी खिडकी, समोर पाणी, खाली धक्का, धक्क्याला बोट. मलाही वाटायचं की यात भांडण्यासारखं काही नाही. पण जागा बघत फिरायला लागलो आणि माझं मत हळूहळू पक्कं होत गेलं, की या दोन इच्छा एकमेकींच्या सवती आहेत.

घराला उंच, कोरडी, मोकळी जागा मानवते. बोटीला हवा आडोसा, पुरेशी खोली आणि नांगर धरून ठेवणारा चिखलाचा घट्ट तळ. जिथून क्षितिज दिसतं तिथे लाटा अडवायला काहीच नसतं. जिथे बोट निवांत उभी राहते तिथून बहुतेक वेळा समोरची टेकडी दिसते, झाडी दिसते, नाहीतर पलीकडच्या घरांच्या मागच्या भिंती. लाट मोठी व्हायला वाऱ्याचा वेग लागतो, तो बराच वेळ वाहावा लागतो आणि त्याला पाण्यावरून धावायला मोकळी लांबी मिळावी लागते. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी मात्र नकाशावर पट्टी ठेवून मोजता येते. नवरा ज्या खिडकीवर भाळला होता तिच्यासमोरची मोकळी धाव मी मोजायला गेले, तर ती नकाशाच्या बाहेर गेली. दृश्य म्हणून अप्रतिम. पण त्या धक्क्याला बोट बांधून रात्री झोप लागणं शक्य नाही.

नवऱ्याला बोट लागते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण हलतोय, केबिनच्या भिंतीकडे बघणारे डोळे म्हणतात नाही, आणि या वादात पोटाचा बळी जातो. ॲडमिरल नेल्सनलाही बोट लागायची आणि आरमारात हयात घालवूनही ती पुरती सुटली नाही, हे मी त्याला ऐकवून पाहिलं. तो म्हणाला, "अगं, नेल्सनला पगार मिळत होता." त्यावर काय बोलणार! तेव्हा त्याचं पाणी खिडकीतलंच राहणार, आणि ते त्याला मिळायला हवं. इंग्लंडमधल्या २००१ च्या जनगणनेची माहिती घेऊन २०१२ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं होतं, की समुद्राच्या जवळ राहणारी माणसं स्वतःची तब्येत चांगली असल्याचं थोडं जास्त प्रमाणात सांगतात. फरक लहान आहे आणि त्यामागे दुसरीही कारणं असू शकतात. तरी नवऱ्याने तो निष्कर्ष पाठ करून ठेवलाय.

सध्या आमची बोट तलावात असते. बावीस फुटी, एका डोलकाठीची, शिडं दोन. घरापासून तलाव इतका लांब, की 'तासभर जाऊन येऊ' असं कधी म्हणताच येत नाही. एक तास पाण्यावर घालवायचा तर अख्खा दिवस मोडावा लागतो, आणि दिवस मोडल्यावर वारा पडलेला असला तरी चिडता येत नाही, कारण वाऱ्याला काय त्याचं! स्थलांतराचा विचार खरं तर इथून सुरू झाला. संध्याकाळी काम संपल्यावर अंधार पडेपर्यंतचा वेळ शिडात घालता यावा, इतकंच मला हवं होतं.

तलावाबद्दल मात्र कृतज्ञ राहायला हवं. गोड्या पाण्यात मीठ नाही, लाकूड पोखरणारे किडे नाहीत, भरती-ओहोटीचं वेळापत्रक नाही. कोरड्या महिन्यांत पातळी उतरते आणि बोट उतरवायचा उतार पाण्याच्या बराच अलीकडे संपतो, ही एक कटकट. टेकड्यांवरून येणारा वारा धक्के देत येतो आणि अचानक दिशा बदलतो, ही दुसरी. पण तलावाला हलकं लेखू नये. उत्तर अमेरिकेतला लेक एरी उथळ आहे आणि वाऱ्याच्या दिशेने लांब पसरलेला आहे. वादळी वारा लांबीच्या दिशेने वाहिला, की पाणी एका टोकाला ढकललं जातं आणि दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरपेक्षा जास्त फरक पडू शकतो. वारा थांबला की पाणी परत हेलकावत येतं. चंद्राचा काही संबंध नसताना! तरी तलावाचा खरा दोष मला विचाराल तर एकच: कुठूनही निघा, आपण त्याच काठाला परत लागतो. पलीकडे जाण्यासारखं काही नसतं. काही जणांना ते पुरतं. मला पुरेनासं झालंय.

समुद्राकडे तोंड केलं, की पहिला प्रश्न भरतीचा, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण घर बघायला येणारे याच एका गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष देतात.

भरती सगळीकडे सारखी नसते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी ती जेमतेम जाणवते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्याची पातळी १६ मीटरपर्यंत चढते-उतरते, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी. आपण बघतो त्या जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. समजा फरक चार मीटरचा आहे. खलाशी एक ठोकळ हिशोब वापरतात: साधारण सहा तासांच्या चढतीत पाणी पहिल्या तासाला एकूण फरकाच्या बाराव्या भागाएवढं चढतं, मग दोन भाग, मग तीन, पुन्हा तीन, मग दोन, शेवटी एक. म्हणजे चार मीटरमधले दोन मीटर फक्त मधल्या दोन तासांत. बांधीव धक्क्याला बोट आखडून बांधली आणि पाणी उतरू लागलं, तर बोट दोरांना लटकेल. म्हणून अशा ठिकाणी पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का लागतो, आणि तो घराच्या जाहिरातीत लिहिलेला नसेल तर नाही असं समजावं.

पण अवघड भाग पुढेच आहे. लागोपाठच्या दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत पावणेसहा तासांहून थोडी जास्त. याचा अर्थ, या शनिवारी भरती दुपारी बाराला असेल तर पुढच्या शनिवारी ती सहाच्या सुमारास असणार, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. त्यापुढच्या शनिवारी परत दुपारी. ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या खाडीत ज्याची बोट आहे आणि ज्याला फक्त शनिवार-रविवार मोकळे आहेत, त्याचा एक आठवडा सोयीचा आणि एक अडचणीचा, असंच चालायचं.

त्यात उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे, बरेचदा एक-दोन दिवस उशिरा, चढ-उतार सर्वांत मोठा असतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास सर्वांत कमी, तो भांग. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. पण घर घेणाऱ्याने त्याच्या पुढची पायरी समजून घ्यायला हवी. पंधरवड्याच्या उधाणाची भरती एका ठिकाणी दर वेळी साधारण घड्याळाच्या त्याच वेळी येते. चौदा-पंधरा दिवसांत रोजची ती ५० मिनिटं साठत साठत सव्वाबारा तास होतात आणि काटा परत तिथेच येऊन थांबतो. म्हणजे एखाद्या बंदरात उधाणाची भरती सहाला येत असेल, तर ती तिथे नेहमीच सहाच्या आसपास येणार, आणि दुपारी बाराला मिळणार ती भांगाची, तोकडी भरती. ज्या बंदरात हे उलट आहे तिथे दिवसाउजेडी भरपूर पाणी मिळतं.

मला आवडलेली खाडी दुर्दैवाने पहिल्या प्रकारातली आहे. उधाणाला तिथे बोटीखाली हवं तेवढं पाणी. भांगाला भरतीच्या माथ्यावर मीटरभर. आमची बोट कीलसकट, म्हणजे बुडाखालच्या जड पात्यासकट, एक मीटर वीस सेंटिमीटर बुडते. हिशोब मांडला तर पंधरवड्यातले काही दिवस ती चिखलात बसून राहील आणि पौर्णिमेची वाट बघेल. दलालाकडची छायाचित्रं अर्थातच उधाणाच्या भरतीची होती. पाणी अंगणाला भिडलेलं, त्यात आकाश. ओहोटीला तिथे राखाडी चिखल, त्यातून वाहणारी एक बारीक धार, आणि चिखलात प्राणवायूविना कुजणाऱ्या पाल्याचा सडक्या अंड्यासारखा वास. मला तो वास चालतो, खरं तर थोडा आवडतोही. नवऱ्याच्या खिडकीच्या हिशोबात तो बसत नाही.

मग खाडीत आणखी आत, जिथे पाणी कायम राहतं, तिथे का जाऊ नये? गेलो. नदीसारखं रुंद पात्र, दोन्ही काठांना झाडी, समुद्र सहा सागरी मैल खाली. इथे बोटीचा वेग आड येतो. शिडाची बोट स्वतः उठवलेल्या लाटेत अडकते. ती लाट बोटीच्या पाण्याला टेकलेल्या लांबीएवढी झाली, की त्यापुढे वेग वाढवायला प्रचंड जोर लागतो. वीस फुटांच्या लांबीला ही मर्यादा सुमारे सहा नॉटवर येते, म्हणजे ताशी सहा सागरी मैल, साधारण ११ किलोमीटर. रोजच्या वाऱ्यात चार नॉट मिळाले तरी मी खूश असते. आता ओहोटीचा प्रवाह दोन नॉट धरा. त्याच्याबरोबर समुद्राकडे जायला एक तास. त्याच्या विरुद्ध परत यायला तीन. संध्याकाळच्या तासाभराच्या फेरीची गोष्ट इथेच संपली. शिवाय वाटेत पूल आहे. पुलाची उंची भरतीच्या पातळीपासून नकाशात दिलेली असते आणि आमची डोलकाठी त्याखालून जाते, पण वरच्या अँटेनाबद्दल मी पैज लावणार नाही.

मिठाचं काय, असं कोणी विचारत नाही, पण खारं पाणी घर आणि बोट दोघांनाही सारख्याच आवडीने खातं. हवेतले खारे कण सर्वांत जास्त बसतात ते किनाऱ्यालगतच्या पहिल्या काहीशे मीटरमध्ये. सिमेंटच्या आतल्या सळईपर्यंत क्षार पोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि बाहेरचं काँक्रीट फुटून पडतं. आतून रंगवलेल्या भिंतीत हे दिसत नाही. गच्चीच्या खालच्या बाजूला बघावं. स्टेनलेस स्टीलचं नाव ऐकूनही निश्चिंत होऊ नये. समुद्राकाठी ३०४ प्रकारावर तपकिरी डाग धरतात, मॉलिब्डेनम असलेला ३१६ बराच टिकतो. बोटीच्या बाबतीत लोकांनी यावर शतकांपासून डोकं चालवलंय. पाण्यात बुडालेल्या वेगवेगळ्या धातूंमध्ये वीज वाहते आणि त्यातला कमजोर धातू झिजतो, म्हणून मुद्दाम झिजण्यासाठी एक धातूचा गोळा लावतात. खाऱ्या पाण्यात तो जस्ताचा चालतो, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. म्हणजे तलाव सोडताना आम्हाला तोही बदलावा लागेल. खारं पाणी जड असल्यामुळे समुद्रात बोट जराशी वर उचलली जाते, हा त्यातल्या त्यात फायदा. आमच्या बोटीपुरता तो सेंटिमीटरभरही नाही.

तळाला चिकटणाऱ्या शिंपल्यांची गोष्टही बोलकी आहे. ते धरू नयेत म्हणून पूर्वी कथिलाचं एक विषारी संयुग मिसळलेला रंग लावत. रंग इतका गुणी निघाला, की फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शेतीच धोक्यात आली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. जगभरच्या जहाजांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार लागू व्हायला २००८ उजाडलं. पाण्याकाठी राहायला जाणारा माणूस त्या पाण्यात काहीतरी सोडतच असतो: रंग, साबण, तेलाचा थेंब. बोट एका पाण्यातून दुसऱ्यात नेणंही निरागस नाही. झेब्रा शिंपले १९८० च्या दशकात जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोचले आणि तिथून ट्रेलरवरच्या लहान बोटींनी त्यांना आणखी तलाव दाखवले. धुऊन, निथळवून, पूर्ण सुकवून मगच बोट हलवायची, हा नियम तिथून आला.

आता नवऱ्याच्या बाजूचा सर्वांत मोठा प्रश्न. पाणी आपल्या खिडकीखाली आहे ते तिथेच राहील का? 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हे शब्द ऐकून माणूस आपल्या हयातीचा हिशोब करतो आणि सुटकेचा श्वास घेतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच आहे. तीस वर्षं घरात राहिलात तर तो पूर निदान एकदा बघण्याची शक्यता २६ टक्के होते. चारात एक. आणि हा हिशोब पातळी स्थिर धरून केलेला. आंतरशासकीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ नंतरच्या बारा वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. तोच वेग पुढे धरला तरी तीस वर्षांत ११ सेंटिमीटर. ऐकायला थोडं वाटतं. पण घरात पाणी शिरतं ते सरासरीचं नसतं, उधाणाच्या भरतीवर चढलेल्या वादळाचं असतं. त्या वेळी उंबरठा आणि पाणी यांच्यात उरलेल्या अंतरातून हे ११ सेंटिमीटर वजा होतात.

व्हेनिसने १९६६ च्या नोव्हेंबरात १९४ सेंटिमीटरची भरती पाहिली. त्यानंतर कित्येक दशकं वाद आणि बांधकाम चालून शहराभोवतालच्या खाजणाच्या तोंडांवर ७८ फाटकं तयार झाली आणि २०२० च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा खऱ्या भरतीला अडवायला उभी राहिली. शहर कोरडं राहिलं. पण फाटकं उभी असताना खाजणात येण्या-जाण्याच्या त्या वाटांवरची बोटींची नेहमीची रहदारी थांबते. घरं वाचवायची तर बोटींनी थांबायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर जो वाद चालतो तोच तिथे पोलाद आणि काँक्रीटमध्ये उभा आहे.

मालकीचा मुद्दा पटकन सांगते. पाण्याकाठचं घर घेतलं म्हणजे पाणी घेतलं नाही. इ.स. ५३३ मध्ये जस्टिनियन बादशहाच्या काळात रोमन कायद्याचं संकलन झालं तेव्हाच हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा सगळ्यांच्या सामाईक गोष्टी ठरल्या होत्या. आजही अनेक देशांत भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली जमीन खाजगी नसते. तेव्हा समोर धक्का दिसला तर तो कोणाच्या परवानगीने, किती वर्षांसाठी आणि घराबरोबर हस्तांतर होणारा आहे का, हे कागदावर बघायचं. आम्ही बघितलेल्या एका जागेत धक्का होता, परवाना नव्हता. दलालाने विषय बदलला.

आणि आपलं वय. याबद्दल आम्ही दोघंही गोल गोल बोलतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: दहा नॉटचा वारा वीसवर गेला, की शिडावरचा दाब चौपट. आज मी तो एकटीने सांभाळते. आणखी पंधरा वर्षांनी सांभाळेन असं गृहीत धरून घर घेणं मला पटत नाही. तेव्हा बोट नसेल आणि घर असेल. त्या दिवशी नवऱ्याची खिडकी माझीही खिडकी होईल. म्हणून मी त्याचं म्हणणं पूर्वीपेक्षा जास्त ऐकून घेते, पण ते त्याला कळू देत नाही.

सध्या आम्ही ज्यावर घोटाळतोय ती जागा पाण्याकाठी नाहीच. खाडीच्या मुखापाशी आडोशाचा एक कोपरा आहे, तिथे बारमाही खोल पाण्यात बोटी बांधायचे तरंगते बोये लावलेत, आणि त्याच्या मागे चढणीवर घरं. पाण्यापर्यंत उतरायला दहा मिनिटं, चढून यायला त्याहून जास्त. वरून समुद्र दिसतो, पण दोन छपरांच्या मधून. त्याला हे दृश्य अर्धवट वाटतं. मला बोट खिडकीतून दिसत नाही, ही खरी अडचण. वादळी रात्री दोर धरून आहेत की नाहीत हे बघायला टॉर्च घेऊन खाली जावं लागेल. बोयासाठी प्रतीक्षायादी आहे. यादीत नाव घालायला घर घेतलेलं असावं लागत नाही, म्हणून ते मी घालून टाकलंय.

घर मात्र इतक्यात विकायचं नाही असं ठरलं. आधी तिथे भाड्याने राहायचं, तेही सगळे जातात त्या ऋतूत नाही, वारा आणि पाऊस सर्वांत वाईट असतो तेव्हा. त्याआधी एकदा परत जागा बघायची आहे. दलाल म्हणाला, अमावस्येला संध्याकाळी सहाला या, पाणी छान भरलेलं असतं. मी त्याला दुपारी बाराची वेळ दिलीय.